फोटोतल्या कारागिराचा वाटा

पत्र

सप्रेम नमस्कार. मी पुण्यात फोटोग्राफी करते. पोटासाठी लग्नं आणि आवड म्हणून पोर्ट्रेट. माझं आजोळ कोल्हापूरजवळचं. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या चप्पल करणाऱ्या काही कुटुंबांचे फोटो काढले. इन्स्टाग्रामवर ते पुष्कळांना आवडले, प्रिंट विकत मिळेल का अशी विचारणाही झाली. तेव्हापासून मनात आहे की या फोटोंचं प्रदर्शन भरवावं, एक कॅलेंडर काढावं आणि होणारा सगळा नफा त्या कुटुंबांना द्यावा. त्यांची परिस्थिती खरंच बिकट आहे. पावसाळ्यात घर कसं चालतं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. परवा पुन्हा गेले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "मागंबी एकजण आल्ता क्यामेरा घिऊन. फोटू लई भारी आल्यात म्हनं. आमी काय बगितलं न्हाईत." मला उत्तर सुचलं नाही. एक ज्येष्ठ फोटोग्राफर सांगतात, ब्लॅक अँड व्हाइट ठेव, सुरकुत्या दिसू देत, तेच विकलं जातं. एक संस्था म्हणते, पैसे आमच्याकडे द्या, आम्ही वाटतो. अमेरिकेतली मावसबहीण तिथल्या मित्रमंडळींकडून देणगी जमवायला तयार आहे. हे मी करावं का? केलं तर पैसे कसे द्यावेत, म्हणजे कुणाचा अपमान होणार नाही?

– एक छायाचित्रकार, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

करा, नक्की करा. पण "होणारा सगळा नफा कारागिरांना" हे वाक्य आधी खोडून टाका. तुमच्या पत्रातल्या बऱ्याचशा अडचणींचं मूळ मला त्या एका वाक्यात दिसतं.

हिशेब मांडून बघू. समजा, तुम्ही 24 फोटो लावलेत. चांगल्या कागदावरची छपाई, माउंट आणि फ्रेम मिळून एकाला 2,500 रुपये धरले तर 60,000 तिथेच गेले. कलादालनाचं भाडं, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा यांचे आणखी 25,000 धरा. झाले 85,000. आता 6,000 रुपयांना एक या दराने 14 फोटो विकले गेले (पहिल्या प्रदर्शनात 24 पैकी 14 जाणं ही मोठीच गोष्ट आहे), तर हाती आले 84,000. म्हणजे हजार रुपये तोटा. लोकांनी 84,000 रुपये मोजले, प्रत्येकाला वाटलं की आपण एका कारागिराच्या घराला हातभार लावला, आणि कारागिराला एक रुपयाही मिळाला नाही. यात कुणी लबाडी केलेली नाही. छपाईवाल्याचं बिल खरं, हॉलचं भाडं खरं. नफा सगळ्यात शेवटी उरतो आणि बहुतेक वेळा उरतच नाही. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना रांगेत शेवटी उभं करू नका.

वाटा विक्रीच्या किमतीवर ठरवा. 6,000 ची प्रिंट गेली की त्यातले 1,500 कारागिरांचे, मग प्रदर्शन फायद्यात जावो की तोट्यात. तोटा आला तर तो तुमचा, कारण हे धाडस तुम्ही अंगावर घेतलंय, त्यांनी नाही. नेमका टक्का तुम्ही आणि ते मिळून ठरवा. माझ्या मते तो किमतीच्या चौथ्या हिश्श्याखाली जाऊ नये. तेवढं परवडत नसेल तर फ्रेम काढून नुसती प्रिंट विका, नाहीतर छपाईच्या खर्चासाठी प्रायोजक शोधा. कॅलेंडरचंही तसंच. आधी मागणी नोंदवून, पैसे घेऊन मगच छापा. जानेवारी उलटल्यावर उरलेल्या कॅलेंडरच्या गठ्ठ्याला कुणी वाली नसतो.

या वाट्यातही एक खोच आहे. फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटो पाचदा विकला जाईल आणि शेजारच्या घरात दिवसभर मान खाली घालून चपलेची कातडी वेणी घालणाऱ्या बाईंचा एकदाही जाणार नाही. काम दोघांचंही तितकंच. विकत घेणाऱ्याची नजर फेट्याकडे जाते त्याला ना आजोबा जबाबदार, ना त्या बाई. एकाच गल्लीत एका घरी साडेसात हजार आणि दुसऱ्या घरी शून्य असं झालं तर पुढच्या वेळी तुमच्यासाठी दार उघडेलच असं नाही. तेव्हा सगळ्यांचा वाटा एकत्र करून समान वाटायचा का, की अर्धा ज्याचा त्याला आणि अर्धा सामाईक, हे प्रदर्शनाआधीच सगळ्यांना एकत्र बसवून विचारा. ते ठरवतील तसं करा.

याखेरीज बसल्याचे पैसे वेगळे. पोर्ट्रेटसाठी माणूस दोन-तीन तास बसला तर त्याचं तेवढं काम राहतं, आणि ज्याची कमाई जोडांवर मोजली जाते त्याच्या दृष्टीने ती सरळ मजुरी बुडाली. ती मजुरी त्याच दिवशी, उठायच्या आधी हातात द्या. फोटो विकला जाईल की नाही याच्याशी तिचा संबंध ठेवू नका. "पैसे दिले की फोटोतला खरेपणा जातो" असं सांगणारे तुम्हाला भेटतील. बातमीच्या फोटोला तो नियम लागू पडतो आणि तिथे मी तो मानते. तुम्ही बातमी करत नाही आहात. तुम्ही एका माणसाचा वेळ आणि चेहरा घेऊन विकायची वस्तू तयार करताय. लग्नाच्या कामाचे तुम्ही आगाऊ पैसे घेता ना? मग इथेही तोच व्यवहार.

आता त्या आजोबांचं. त्यांना काय उत्तर द्यावं हे सुचलं नाही म्हणता, पण त्यांनी प्रश्न विचारलाच नव्हता, हिशेब सांगितला होता. प्रदर्शनाचं पुढचं पाऊल टाकण्याआधी आतापर्यंत काढलेल्या प्रत्येक माणसाच्या फोटोची चांगली प्रिंट करून घरोघर नेऊन द्या. मोबाइलवर पाठवून भागवू नका. शिवाय प्रत्येक घराला विचारा, "तुम्हाला स्वतःसाठी कसा फोटो हवाय?" बहुधा उत्तर येईल ते तुमच्या प्रदर्शनाच्या कामाचं नसेल. सगळं घर एकत्र, ठेवणीतली साडी, नातवाच्या अंगावर नवा शर्ट, मागे देवघर किंवा नवा फ्रिज. तो फोटो मन लावून काढा आणि मोठा करून द्या. आपल्याकडे कितीतरी घरांत भिंतीवर हार घालायला आधारकार्डावरचा फोटो वाढवून घ्यावा लागतो. तुमच्या हातात ही कला आहे, तिचं पहिलं दान तिथे पडू दे.

मग कागद करायचा. कायदा इथे बराचसा तुमच्या बाजूने आहे, म्हणूनच जबाबदारी जास्त. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क, कुणी पैसे देऊन तो काढायला सांगितला नसेल तर, काढणाऱ्याचा असतो आणि त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. फोटोत बसलेल्या माणसाला या कायद्याने त्या कमाईतला काही हिस्सा मिळत नाही. त्याला जे मिळेल ते तुम्ही लिहून दिलंत तरच. एक पान पुरे, सोप्या मराठीत. फोटो कुठे कुठे वापरणार, विक्रीतला वाटा किती आणि तो कधी मिळणार, कंपनीच्या जाहिरातीसाठी द्यायचा झाल्यास पुन्हा विचारणार, आणि नको वाटलं तर पुढची छपाई थांबवून तुमच्या पानावरून फोटो काढून टाकणार. हे मोठ्याने वाचून दाखवा, घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा, की नेटवर गेलेला फोटो पूर्णपणे परत आणता येत नाही. ते ऐकून कुणी नको म्हणालं तर तो फोटो कितीही सुंदर असो, बाजूला ठेवा. लहान मुलांच्या हातात रापी किंवा आरी, म्हणजे कातडं कापायचं-टोचायचं हत्यार, असलेला फोटो तर काढूच नका. त्यावरून उद्या त्या घराला चौकशीला तोंड द्यावं लागेल.

हे सगळं इतकं ताणून का सांगते, त्याला एक जुना दाखला आहे. 1936 मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, एका आईचा फोटो काढला. वय 32, दोन मुलं खांद्यांत तोंड लपवून उभी, मांडीवर तान्हं. तुम्ही तो पाहिला असणारच, अमेरिकेतल्या महामंदीच्या काळाचा तो चेहराच झाला. लँग सरकारी खात्यासाठी काम करत होत्या, त्यामुळे त्यांनाही त्या फोटोचं मानधन वेगळं मिळालं नाही, आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. फोटो छापून आल्यावर त्या तळावर सुमारे 20,000 पौंड धान्य आणि खाद्यपदार्थ पोचले. म्हणजे फोटोने काम केलं. पण तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, 42 वर्षांनी, आणि तेव्हा तिने बोलून दाखवलं की हा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, मला यातून एक दमडी मिळालेली नाही. 1983 मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी 35,000 डॉलरच्या आसपास पैसे पाठवले. म्हणजे लोक द्यायला तयारच होते. नाव आणि पत्ता हाती असता तर ते आधीही पोचले असते.

म्हणून फोटोखाली नाव हवंच. मासिकांसाठी फोटो निवडण्याचं काम मी बराच काळ केलं आहे. "एक वृद्ध कारागीर" अशा ओळीखाली छापलेल्या चेहऱ्यांची संख्या आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, श्रेय न देता, आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता. पण त्या दिवसांत छापून आलेल्या फोटोंमध्ये चपला किती होत्या आणि नावानिशी त्या करणारी माणसं किती, हे आठवून बघा. तुमचं प्रदर्शन नेमकी तीच उणीव भरून काढू शकतं. नावाबरोबर कामही लिहा, पण नेमकं लिहा. चपलेचे कान कोण लावतं, तळ कोण कापतं, कातड्याच्या वादीने शिवण कोण घालतं, वेणी कुणाच्या हातची. "गरीब", "उपेक्षित", "विस्मृतीत चाललेले" हे शब्द पाटीवर नकोत.

ज्येष्ठांचा ब्लॅक अँड व्हाइटचा सल्ला मी मानणार नाही, निदान या कामासाठी तरी. सुरकुत्या आणि काळोखी पार्श्वभूमी विकली जाते हे खरं असेल. पण मग विकली जाते ती दया, आणि दया वाटलेला माणूस चप्पल विकत घेत नाही, तो एकदा पैसे देऊन सुटतो. शिवाय या चपलेत रंग आहे. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा तो तपकिरी-पिवळा रंग, तेल मुरल्यावर गडद होत जाणारा, त्यावर गोंड्याचा लाल ठिपका. तो काढून टाकायचा तर दाखवायचं काय? उजेडाचंही त्यांच्याकडूनच घ्या. बारीक काम करणारा माणूस दाराशी बसतो, कारण तिथे चांगला उजेड पडतो. तोच उजेड तुमचा. फ्लॅश नको, समोरून एखादं पांढरं धोतर धरलं की पुरे. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला आणा, म्हणजे तुम्हालाही खालीच बसावं लागेल. काढलेले सगळे फोटो त्यांना दाखवा आणि कुठला लावायचा ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांनी निवडलेला तुम्हाला दुय्यम वाटला तरी तोच लावा.

आता जे तुमच्या पत्रात नाही, पण या कामात पहिल्या दिवसापासून आहे, त्याबद्दल. जात. चप्पल करणारे चर्मकार आहेत, कातडं कमावणारे बहुतेक ढोर समाजाचे. या कामाने त्यांना पिढ्यान् पिढ्या पोट दिलं आणि पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवलं. त्या घरातला मुलगा आज पुण्यात इंजिनिअर असेल, मुलगी बँकेत असेल. वडिलांचा रापी धरलेला फोटो भर कलादालनात आडनावासकट लागावा असं त्यांना वाटेलच असं नाही. काहींना त्याचा अभिमान वाटेल आणि ते स्वतःहून पूर्ण नाव, गाव, सगळं लिहा म्हणतील. दोन्ही बरोबर. नाव कसं लिहायचं, आडनाव घालायचं की नाही, हे प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. आपण वरच्या जातीत जन्मलो असू तर इथे मुकाट्याने ऐकायचं.

आणि कातडी सुकवण्याची, कमावण्याची जागा फोटोत घेताना दहादा विचार करा. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीला ती लागू नाही. पण कातड्याच्या ढिगाचा फोटो फिरू लागला की ते कशाचं आहे हे विचारायला कुणी थांबत नाही. जागेची ओळख पटेल असा एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका, आणि मोबाइलने काढला असेल तर त्यात दडलेली ठिकाणाची नोंद पुसून मगच टाका.

पैसे कशासाठी, हे अजून राहिलंच. तुम्ही पावसाळ्याचा उल्लेख केलात तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. कातड्याची चप्पल पावसात कुणी घालत नाही आणि दमट हवेत कातडं वाळत नाही, म्हणजे विक्री थांबते आणि कामही रेंगाळतं. अशा वेळी व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते, पैशात किंवा कातड्यात. एकदा उचल घेतली की दिवाळीत आणि लग्नसराईत तयार होणारा माल त्याच व्यापाऱ्याला, त्याच्या भावाने घालावा लागतो. हातात कसब आहे, बाजारात मागणी आहे, तरी कमाई दुसऱ्याची होते, कारण कातडं घ्यायला चार पैसे मोकळे नसतात. तुमच्या प्रदर्शनाचा सामाईक पैसा इथे सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. दिवाळीच्या आधी दोन-तीन महिने कातडं विकत घेण्यासाठी तो कुटुंबांना बिनव्याजी द्यायचा, माल विकला गेला की परत यायचा, पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा. एकदाच वाटून टाकलेले तीन-चार हजार किराण्यात आणि दवाखान्यात जातात, आणि त्यात गैर काहीच नाही, पण उचल तशीच राहते. फिरत्या भांडवलाचा हिशेब त्यांच्यातल्याच दोघी-तिघींनी ठेवावा. बचत गट असेल तर उत्तमच. मी मुद्दाम "दोघी" म्हणते. वेणी, शिवण, कडेचं बारीक काम बायका करतात आणि पैसे मात्र पुरुषाच्या हाती येतात. निदान तुमच्याकडून जाणारा वाटा तरी काम करणाऱ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जाऊ दे.

सरकारी योजनाही बघा, त्या तुमच्या निधीपेक्षा मोठ्या आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांमध्ये पादत्राणं करणारे आहेत. तिच्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंतचं कर्ज 5 टक्के व्याजाने मिळू शकतं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता येतं, अशी कायदेशीर ओळख) मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. पण ते मानांकन मालावर अधिकृतपणे वापरायचं तर कारागिराला स्वतःची नोंदणी करावी लागते. अनेकांची ती झालेली नसते, कारण फॉर्म भरून द्यायला कुणी नसतं. तुमच्याकडे लॅपटॉप आहे, अर्जासाठी लागणारे फोटो आहेत. फोटो काढायला जाल तेव्हा एक दुपार या कामाला द्या. प्रदर्शनाइतकंच ते मोलाचं ठरेल.

संस्थेला सगळे पैसे देऊ नका. संस्था चांगली असू शकेल. नोंदणी, लेखापरीक्षण झालेले मागच्या तीन वर्षांचे हिशेब आणि निर्णय घेणाऱ्यांत कारागीर किती आहेत, एवढं विचारा. उत्तरं मोकळेपणाने मिळाली तर फॉर्म भरणं, प्रशिक्षण, वाहतूक अशी कामं त्यांच्याकडे सोपवा आणि त्याचे ठरलेले पैसे द्या. वाटा मात्र थेट कारागिरांकडे जाऊ दे.

मावसबहिणीच्या बाबतीत सावध राहा. परदेशातून देणगी घ्यायची तर परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा 2010 चा एफसीआरए कायदा आड येतो. समाजकार्यासाठी परकीय देणगी घ्यायला गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि तुमच्या वैयक्तिक खात्यात ती मागवणं अंगाशी येऊ शकतं. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकव्यवहाराने पाठवलेले पैसे यात धरत नाहीत, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे धरतात, मग त्यांच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही. तिच्या मित्रमंडळींत दोन्ही प्रकारचे लोक असणार. सरळ वाट अशी की त्यांना देणगी मागूच नका, प्रिंट विका, चपला विका, पावती द्या. विकलेल्या मालाची किंमत ही देणगी नसते. तरी एकदा सीएला भेटा. प्रिंटचे पैसे तुमच्या खात्यात आले की ते तुमचं उत्पन्न धरलं जाईल, आणि कारागिरांना दिलेला वाटा खर्चात दाखवायला कराराची ती प्रतच उपयोगी पडेल. आणि पत्रिकेवर "करसवलत मिळेल" असं लिहू नका, त्यासाठी आयकर खात्याची मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीलाच ती मिळते.

अपमान होऊ नये म्हणून काय करावं, असं तुम्ही विचारलंत. त्याचं उत्तर कोल्हापूरनेच देऊन ठेवलंय. गंगाराम कांबळे या दलित माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला भांडवल दिलं. गाव तिथे चहा प्यायला येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घेऊ लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. भांडवल देऊन थांबले असते तरी लोकांनी त्यांना उदार म्हटलं असतं. ते गिऱ्हाईक झाले म्हणून दुकान उभं राहिलं. तुमच्या प्रदर्शनाला येणाऱ्या पुणेकरांनाही गिऱ्हाईक करा.

त्यासाठी दोन गोष्टी सुचवते. एक, तुमचा खरा धंदा कामाला लावा. वर्षातून दोन-तीन रविवार पुण्यात "पोर्ट्रेटचा दिवस" ठेवा. आजी-आजोबा, जोडपी, सगळं कुटुंब, ज्यांना चांगला फोटो हवाय आणि त्याचे पैसे परवडतात त्यांचा फोटो काढा आणि ती फी कातड्याच्या भांडवलात टाका. निधी उभा करायला दर वेळी कारागिराचाच चेहरा कशाला हवा? पैसे देणाऱ्यांचे चेहरेही चालतात, आणि त्यांना बदल्यात भिंतीवर लावायला काहीतरी मिळतं.

दुसरी गोष्ट प्रदर्शनातच. ते लग्नसराईच्या तोंडावर, दिवाळीनंतर लगेच ठेवा. फोटोंच्या शेजारी कारागिरांचं टेबल मांडा, ज्यांना यायचंय त्यांच्या येण्या-जाण्याचा, राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी तुमच्या बजेटमध्ये धरा. उद्घाटन त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हातून करा, पण मंचावर बसवून सत्कार करण्यापेक्षा टेबलाशी चार खुर्च्या आणि कोरे कागद जास्त कामाचे. आलेल्या माणसाने कागदावर पाऊल ठेवायचं, कारागिराने पेन्सिलीने माप काढायचं, पट्टा कसा हवा ते विचारायचं, भाव त्यानेच सांगायचा. निम्मे पैसे तिथेच त्याच्या क्यूआर कोडवर, उरलेले चप्पल घरी आल्यावर. बायकांचे वैयक्तिक नंबर पाटीवर लावू नका, गटासाठी एक वेगळा नंबर घ्या. आणि जेवढे जोड ठरलेल्या वेळेत पुरे होतील तेवढीच मागणी घ्या. तो आकडा त्यांना विचारा आणि तिथे पोचलात की वही बंद करा, रांगेत आणखी लोक उभे असले तरी.